वॅट किती ते नंतर बघू: डेस्कटॉपसाठी एसएमपीएस निवडताना

आजचा विषय तसा रुक्ष आहे. तरीही एवढी मंडळी जमलात, म्हणजे बहुतेकांच्या घरी किंवा ऑफिसात एखादा डेस्कटॉप कुरकुरतोय, असं मी धरून चालतो.

नवा संगणक जोडून घ्यायचा ठरला की आपण काय करतो? प्रोसेसर कोणता घ्यावा यावर आठवडाभर व्हिडिओ बघतो. ग्राफिक्स कार्डाच्या किमती रोज तपासतो. रॅम, एसएसडी, मॉनिटर, सगळ्यावर घरात चर्चा होते. आणि यादीच्या शेवटी दुकानदार विचारतो, "एसएमपीएस कुठला टाकू?" तेव्हा आपण म्हणतो, "टाका ना साधा. नाहीतर कॅबिनेटबरोबर फुकट येतो की!" साठ हजारांच्या मशीनला सातशे रुपयांचा एसएमपीएस लावल्याची बिलं मी खूप पाहिली आहेत.

आता जरा विचार करा. संगणकातला हा एकच भाग असा आहे की ज्याची एक वायर भिंतीतल्या २३० व्होल्टला जोडलेली आहे आणि बाकीच्या वायरी तुमच्या प्रत्येक महागड्या वस्तूला जोडलेल्या आहेत. रॅम खराब झाली तर रॅम जाते. एसएमपीएस खराब झाला तर कोण कोण जाईल, हे तो कसा बनवला आहे त्यावर ठरतं. म्हणून मी नेहमी सांगतो की एसएमपीएस घेताना तो किती वॅटचा आहे याच्या आधी विचारा, हा मरेल तेव्हा कसा मरेल? एकटा मरेल की सगळ्यांना घेऊन? आज आपण बोलणार आहोत ते बहुतेक या एका प्रश्नाबद्दलच.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. भिंतीतून येते एसी, २३० व्होल्ट, सेकंदाला ५० फेरे. ही २३० म्हणजे सरासरीच्या हिशोबाची किंमत; लाटेचं टोक जातं साधारण ३२५ व्होल्टपर्यंत. एसएमपीएस आधी तिची डीसी करतो, मग त्या डीसीचे सेकंदाला हजारो तुकडे करतो, आणि ते तुकडे एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवतो. पलीकडे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार होतात. तुकडे का करायचे? कारण फेरे जितके जास्त तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. जुन्या रेडिओतला किंवा स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर उचलून बघा, विटेएवढा जड असतो. तो ५० फेऱ्यांवर चालतो. इथे मुठीत मावेल एवढ्यात काम भागतं. हे सतत चालू-बंद करणं, म्हणजे स्विचिंग, यावरूनच स्विच मोड पॉवर सप्लाय हे नाव आलं.

यात सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे तो छोटा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या अलीकडे जीव घेऊ शकणारं व्होल्टेज, पलीकडे तुमचा हात लागला तरी चालेल असं व्होल्टेज. दोन्हींमध्ये तांब्याचा थेट संबंध नाही. चांगल्या एसएमपीएसच्या सर्किट बोर्डवर या दोन बाजूंमध्ये मोकळी पट्टी सोडलेली स्पष्ट दिसते. स्वस्तातला माल वाचवतो तो इथेच. इन्सुलेशनच्या टेपचे थर कमी, मधलं अंतर कमी, इनपुटचा फिल्टर तर गायबच. त्याच्या जागी नुसत्या तारेचे तुकडे डकवलेले. वरून पंखा, लेबल, रंग, सगळं झकास.

आता लेबल वाचू. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ४५० वॅट. त्याकडे क्षणभर दुर्लक्ष करा आणि खालचा छोटा तक्ता बघा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते शोधा. त्याला १२ ने गुणा. समजा १५ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १५, झाले १८० वॅट. डब्यावर ४५० आणि कामाचे १८०! मग उरलेले कुठे गेले? ते ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत मांडून बेरीज फुगवलेली असते.

याला एक इतिहास आहे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्सची रचना आणली, तेव्हा प्रोसेसरसुद्धा ५ आणि ३.३ व्होल्टच्या वायरींवरच चालत. २००० च्या सुमारास पेंटियम ४ आला, त्याची भूक भागवायला १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर आला, आणि तेव्हापासून सगळा भार हळूहळू १२ व्होल्टकडे सरकला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकातले दोन मोठे खादाड, १२ व्होल्टवरच जेवतात. ५ व्होल्टवर एसएसडी आणि यूएसबी, एवढंच. त्यामुळे आजच्या चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं सापडेल, म्हणजे ५४० वॅट. जवळपास सगळीच ताकद तिथे. ज्याच्या लेबलवर हे गणित जुळत नाही तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गरजेसाठी आखलेला आहे, मग तो कालच कारखान्यातून आलेला का असेना. आणि तक्ताच नसेल तर तिथेच विषय संपला.

बरं, आपल्याला वॅट लागतात किती? एक नेहमीचं उदाहरण घेऊ. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर. खोक्यावर ६५ वॅट लिहिलंय, पण पूर्ण जोरात तो त्याहून जास्त घेऊ शकतो. इंटेलचंही तसंच, कोअर आय५ १२४०० वर ६५ लिहिलेलं असतं आणि टर्बोमध्ये तो ११७ पर्यंत जातो. बरोबर आरटीएक्स ३०६० कार्ड, १७० वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून आणखी ५०-६० धरा. बेरीज सव्वातीनशेच्या आत. मग ३५० वॅटचा घेऊ का? नको. ग्राफिक्स कार्ड सरासरीला १७० घेतं, पण सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरती त्याची मागणी बरीच वर उसळते. त्या उसळीला एसएमपीएस घाबरला तर खेळ चालू असताना मशीन धाडकन बंद पडतं, आणि आपण महिनाभर विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसतो. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते. त्यात कुठला एसएमपीएस असेल कुणास ठाऊक, म्हणून कंपनीने हात थोडा सढळ ठेवलेला असतो, पण सल्ला रास्त आहे.

उलट बाजूही सांगतो. टायपिंग, टॅली, ब्राउझर, मुलांचा अभ्यास, असं काम असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर असा संगणक बहुतेक वेळ १०० वॅटच्या आतच असतो. त्याला प्रामाणिक ४०० वॅट पुष्कळ झाले. "भविष्यासाठी ८५० घ्या" हा सल्ला दुकानदाराच्या भविष्यासाठी असतो.

आणि एक गैरसमज इथेच मोडून काढू. ७५० वॅटचा एसएमपीएस लावला म्हणून बिल ७५० वॅटचं येत नाही. संगणक मागेल तेवढंच तो देतो. बिलात फरक पडतो तो कार्यक्षमतेचा. समजा तुमचं मशीन आतून ३०० वॅट मागतंय. ८५ टक्के कार्यक्षमता असेल तर भिंतीतून जातील ३५३ वॅट, ९० टक्के असेल तर ३३३. रोज पाच तास धरले तर वर्षाला साधारण ३६ युनिटचा फरक. तुमच्या दराने गुणून बघा. म्हणजे केवळ बिलासाठी सोनेरी एसएमपीएस घेण्यात फारसा दम नाही.

आता हे सोनेरी, कांस्य काय प्रकार आहे? ८० प्लस नावाचा कार्यक्रम अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झाला. २०, ५० आणि १०० टक्के भारावर एसएमपीएस किमान ८० टक्के कार्यक्षम असला पाहिजे, ही मूळ अट. मग पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा पायऱ्या आल्या. ही चाचणी २३ अंश तापमानाला होते. मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरच्या मंडळींना हे ऐकून हसू येणं साहजिक आहे. मुद्दा असा की ही कार्यक्षमतेची चाचणी आहे, सुरक्षेची नाही. ओव्हरलोड झाला तर हा वेळेवर बंद होईल का, हे ती सांगत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण २०२१ मधलं. गिगाबाइट कंपनीच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या एसएमपीएसबद्दल तक्रारी आल्या, काही परीक्षकांच्या टेबलावर तर ते आवाज करून फुटले. दोन्हींवर ८० प्लस गोल्डचं चिन्ह होतं. कंपनीने त्या वर्षी ऑगस्टमध्ये निवेदन काढून ओव्हर पॉवर प्रोटेक्शनची मर्यादा आधीपेक्षा खाली आणली आणि ठरावीक क्रमांकांचे नग बदलून द्यायची तयारी दाखवली. म्हणजे वाद कार्यक्षमतेचा नव्हताच. भार हाताबाहेर जाताना हात कधी वर करायचे, याचा होता.

तर ही संरक्षणं बघू. यातली तीन कळली तरी पुष्कळ. पहिलं शॉर्ट सर्किटचं. कुठेतरी वायर चिकटली, तर लगेच बंद. दुसरं ओव्हर पॉवर, आताच बोललो. तिसरं ओव्हर व्होल्टेज, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोलाचं. एसएमपीएस १२ व्होल्ट देतो म्हणजे काय करतो? बाहेर किती व्होल्ट जातायत हे सतत मोजून, त्याप्रमाणे आतली स्विचिंग कमी-जास्त करतो. आता हा निरोप आत पोचवणारा एखादा पन्नास पैशांचा भाग मेला तर? आतल्या सर्किटला वाटतं, व्होल्टेज कमी पडतंय. ते आणखी जोर लावतं. बाहेर १२ चे १५ होतात, १८ होतात. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्येच राहायला हवेत. त्याच्या इतकं वर गेल्यावर मदरबोर्ड, कार्ड, हार्ड डिस्क सगळं एका झटक्यात जातं. ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्शन म्हणजे वेगळा बसवलेला पहारेकरी. मुख्य सर्किट वेडं झालं तरी तो वीज तोडतो. तेव्हा तुमचा एसएमपीएस मेलेला असतो, पण एकटाच. डिस्कवरचे पंधरा वर्षांचे फोटो जागेवर असतात.

हे लेबलवरून कळतं का? पूर्ण नाही. कंपनीच्या पानावर कोणती संरक्षणं आहेत ते दिलेलं असतं. ज्यांनी एसएमपीएस उघडून, मोजून परीक्षण केलंय अशांचे अहवाल वाचा. नुसतं खोकं उघडून दाखवणारे व्हिडिओ यात धरू नका. वॉरंटी किती वर्षांची ते बघा. पाच-सात वर्षं बदलून द्यायची जबाबदारी घेणारा सहसा कच्चा माल घालत नाही, त्याला परवडत नाही. आणि भारतात विकलेल्या नगावर बीआयएसचं नोंदणीचिन्ह शोधा. आयएस १३२५२ हा मानकाचा आकडा आणि त्याखाली आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर, कशासाठी नोंदणी आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम. क्रमांक निघाला भलत्याच वस्तूचा, तर डबा परत काउंटरवर ठेवा.

आता मी भिंतीकडे येतो. कारण उत्तम एसएमपीएस घेतला आणि घरचं अर्थिंग नसेल तर निम्मी सुरक्षा वाया गेली.

कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात, हा अनुभव किती जणांना आहे? बघा, निम्मे हात वर आहेत. अनवाणी असलं की जास्तच. टेस्टर लावला तर मंद पेटतो. मग घरात सगळे म्हणतात, एसएमपीएस बिघडलाय. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात: एक फेजपासून पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर त्यातून येणारा किरकोळ करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंगच नसेल तर पत्रा अधांतरी लटकतो, फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट इतका कमी असतो की नुसत्या मुंग्या येतात. गंमत अशी की ज्या टाकाऊ एसएमपीएसमध्ये फिल्टरच नाही, त्याच्या कॅबिनेटला मुंग्या येत नाहीत. आणि लोक म्हणतात, "जुनाच बरा होता."

त्या मुंग्या म्हणजे निरोप आहे: तुमच्या सॉकेटच्या वरच्या जाड पिनेमागे काहीही जोडलेलं नाही. उद्या आत खरोखर एखादी फेजची वायर पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असताना मोठा करंट वाहून एमसीबी पडेल. नसेल तर काहीच पडणार नाही. कॅबिनेट शांतपणे २३० व्होल्टवर उभं राहील, कुणीतरी हात लावेपर्यंत. म्हणून वायरमनला बोलवा, त्या पॉइंटचं अर्थिंग मोजून घ्या. अर्थची वायर न्यूट्रलला जोडून "झालं अर्थिंग" म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच नमस्कार करा, कारण न्यूट्रल वाटेत कुठे तुटला तर आख्खं कॅबिनेट फेजवर येतं. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तो अर्थिंगची जागा घेत नाही, पण माणसाला धक्का बसला तर क्षणात तोडतो. आणि थ्री-पिनची पिन कापणं, टू-पिनच्या एक्स्टेंशनमध्ये संगणक घुसवणं, हे बंद.

आपल्याकडचा दुसरा धोका न्यूट्रलचाच. खांबावर किंवा इमारतीच्या पॅनलमध्ये न्यूट्रल सैल झाला की दोन फेजमधलं ४०० व्होल्ट वेगवेगळ्या घरांत विषम वाटलं जातं. कुणाकडे दिवे मंदावतात, कुणाकडे भगभगतात. ज्याच्याकडे भगभगतात त्याच्याकडे ३०० च्या वरही जाऊ शकतं. एसएमपीएसवर २४० लिहिलेलं असतं, थोडं वर तो सोसतो. पण ३०० व्होल्ट एसीचं टोक होतं सव्वाचारशे, आणि आतला मोठा कपॅसिटर असतो ४०० किंवा ४५० चा. हिशोब तुम्हीच करा. दिवे अचानक भगभगले तर आधी मेन बंद करा, मग चौकशी. जिथे हे वारंवार होतं तिथे बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ लावून घेणं एसएमपीएस बदलत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

परदेशातून सामान आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुन्या एसएमपीएसच्या मागे लाल बटण असायचं, ११५ आणि २३०. अमेरिकेतून आलेल्या मशीनचं बटण ११५ वर राहिलं आणि इथे प्लग लावला, तर आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करायला बसलेलं असतं. ३२५ चे ६५० होतात, आणि तिथे २००-२०० व्होल्टचे दोन कपॅसिटर. आवाज शेजारीही ऐकतात. आजचे बरेचसे एसएमपीएस १०० ते २४० आपोआप सांभाळतात, बटणच नसतं. पण इथले काही स्वस्त नग फक्त २३० वर चालतात. मुलगा शिकायला अमेरिकेला निघालाय आणि मशीन बरोबर नेतोय, तर इनपुटच्या ओळीत १०० ते २४० लिहिलंय ना, ते बघा.

यूपीएसबद्दल थोडक्यात. घरोघरचा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो. ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनला तो अपुरा पडू शकतो. शिवाय स्वस्त यूपीएसची लाट गोल नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि काही चांगल्या एसएमपीएसना ती मानवत नाही. लाइट गेली की यूपीएस चालू आणि संगणक बंद. दोन्ही नवे असतानाच सगळं काम सेव्ह करून, मशीनवर भार टाकून, एकदा यूपीएसचा प्लग काढून बघा. नसेल जमत तर परत करायची मुदत संपलेली नसते.

आता बसणं-जुळणं. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती जुने ऑफिस संगणक घेणाऱ्यांची. डेल, एचपी, लेनोव्होचे कंपन्यांतून निघालेले डेस्कटॉप हल्ली दहा-पंधरा हजारांत मिळतात, आणि मशीन खरोखर दणकट असतात. घरी आणलं की मुलगा म्हणतो, ग्राफिक्स कार्ड टाकू. उघडून बघितलं तर एसएमपीएस १८०-२४० वॅटचा, त्याचा आकार वेगळा, आणि बऱ्याच मॉडेलांत मदरबोर्डला २४ पिनांऐवजी सहा-आठ पिनांचा त्यांचा स्वतःचा कनेक्टर. बाजारातला एटीएक्स तिथे बसत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तर डेलच्या काही मशीनमध्ये कनेक्टर हुबेहूब एटीएक्ससारखा होता, फक्त आतल्या वायरींचा क्रम वेगळा. बसायचा नीट, आणि चालू करताच बोर्ड जायचा. म्हणून अशा मशीनसाठी आधी मॉडेल क्रमांकावरून एसएमपीएस शोधा, किंवा वेगळा कनेक्टर न मागणारं कार्ड घ्या. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी कार्ड ७० वॅटचं आहे. पण छोट्या कॅबिनेटला कमी उंचीचं लागतं, आणि स्लॉटची मर्यादा त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

मग कुणीतरी सांगतं, "साटाच्या वायरीतून कार्डाला वीज देणारं कन्व्हर्टर मिळतं शंभर रुपयांत." नका लावू. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॅट. कार्डाचा सहा पिनी कनेक्टर ७५ वॅट मागू शकतो. प्लास्टिक वितळतं ते याच गणितामुळे.

एसएमपीएसचे आठ पिनांचे दोन कनेक्टर असतात, तेही ओळखा. प्रोसेसरचा वेगळा, ग्राफिक्स कार्डचा वेगळा. दिसायला भाऊ-भाऊ, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत म्हणून सहज बसत नाही. जोर लावावा लागला तर थांबायचं.

मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी सुट्ट्या असतात. मदरबोर्डच्या टोकाला नियम ठरलेला आहे, एसएमपीएसच्या टोकाला कसलाच नियम नाही. एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला छान बसते, आणि हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट येतात. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही असं होतं. नवा एसएमपीएस लावताना "जुन्या वायरी तशाच राहू द्या, कोण पुन्हा बांधणार" हा मोह आवरा. सगळ्या वायरी काढा आणि नव्या खोक्यातल्याच लावा.

नव्या मोठ्या कार्डांचा सोळा पिनी कनेक्टर तुम्ही ऐकला असेल. ऑक्टोबर २०२२ पासून आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, ते सहा बारीक पिनांतून, प्रत्येकीत आठाहून जास्त. एखादी पिन अर्धवट बसली की भार बाकीच्यांवर. एटीएक्स ३.१ बरोबर आलेल्या सुधारित कनेक्टरमध्ये चार संकेत-पिना आखूड केल्यात, म्हणजे प्लग पूर्ण आत गेल्याशिवाय कार्ड वीज मागतच नाही. तोच घ्या, शेवटपर्यंत दाबा, आणि कनेक्टरच्या तोंडाशीच वायर मोडू नका.

आता प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस चालू केला की तो चांगला आहे असं समजायचं का?

नाही. पंखा फिरला म्हणजे एवढंच कळलं की तो मेलेला नाही. भार नसताना बहुतेक सगळेच १२ व्होल्ट दाखवतात. खरा कस भाराखाली लागतो. मशीन जोरात चालवून मल्टिमीटरने १२ व्होल्ट मोजा, ११.४ च्या खाली जात असेल तर बदला. माहीत नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

श्रोता: सेकंडहँड एसएमपीएस घ्यावा का?

ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घ्या हवं तर. एसएमपीएसमधले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी कमी राहिलं तर त्यांचं आयुष्य दुप्पट होतं, आणि उलटही खरं. त्याने कुठे, किती उन्हाळे काढलेत हे विकणारा सांगणार नाही. वॉरंटी शिल्लक असेल आणि बिल मिळत असेल तर विचार करा.

एक ताई: आमच्याकडे कोकणात धूळ कमी, पण दमट हवा. मी स्वतः एसएमपीएस उघडून साफ करू शकते का?

कॅबिनेट उघडा, एसएमपीएस उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. प्लग काढून, बाहेरूनच, पंख्याच्या जाळीतून ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढा. पंखा बोटाने धरून ठेवा म्हणजे तो उलटा गरगरत नाही. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता वीतभर उंचावर ठेवा. आणि पावसाळ्यात चार-आठ दिवस गावाला गेलात तर आल्यावर लगेच चालू करू नका. आधी खोली जरा उघडी राहू द्या, मग बटण दाबा.